जुनी छोटी एसयूव्ही घेताना आधी इंजिन ठरवा

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती कमी केली आहे. शेवटची प्रश्नोत्तरं ठेवली आहेत.)

आजचा विषय सेकंडहँड गाडीचा आहे, आणि सुरुवात मी घरातल्याच गोष्टीने करतो.

माझा मावसभाऊ निवृत्त झाला. फंडाचे पैसे हातात आले आणि त्याने चार वर्षं जुनी, डिझेलची छोटी एसयूव्ही घेतली. गाडी दिसायला अगदी नवी, रनिंग ३८ हजार, टायर चांगले, कागद साफ. सगळे म्हणाले, छान गाडी मिळाली. आता त्याचा वापर काय? सकाळी नातवाला शाळेत सोडायचं, येताना भाजी, संध्याकाळी बायकोला भजनाला सोडायचं. एका वेळी तीन किलोमीटर, फार तर चार. पाचव्या महिन्यात डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. गाडी चालतेय ना, म्हणून त्याने पंधरा दिवस तशीच चालवली. मग एके दिवशी पिकअपच गेला, पायाखाली ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी गाडी ओढेना. गॅरेजमध्ये नेली तर त्यांनी एक पार्ट बदलायचा खर्च सांगितला, लाखाच्या घरात.

यात त्याला कुणी फसवलेलं नव्हतं, हे मला मुद्दाम सांगायचंय. गाडीही चांगली होती. फक्त ते इंजिन रोज तीन किलोमीटर फिरणाऱ्या माणसासाठी नव्हतं. म्हणून आज मी रंग, सनरूफ, टचस्क्रीन यांबद्दल काही बोलणार नाही. इंजिनाबद्दल बोलणार आहे.

आधी एक छोटी पार्श्वभूमी. आपल्याकडे ज्या गाड्यांना आपण छोटी एसयूव्ही म्हणतो, म्हणजे ब्रेझा, नेक्सॉन, व्हेन्यू, सोनेट, एक्सयूव्ही ३००, जुनी इकोस्पोर्ट, त्या सगळ्या चार मीटरच्या आत का बसतात? कर. २००६ सालापासून आपल्याकडे छोट्या गाडीची व्याख्या अशी आहे की लांबी ४००० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल १५०० सीसीपर्यंत. त्यात बसलात तर कर कमी. म्हणून नेक्सॉनचं पेट्रोल इंजिन १.२ लिटरचं आणि डिझेल १.५ लिटरचं आहे. हे आकडे इंजिनिअरने जितके ठरवले तितकेच अर्थमंत्रालयानेही ठरवले. आणि गंमत म्हणजे २०२०ची ब्रेझा १४६२ सीसीचं पेट्रोल इंजिन घेऊन आली. म्हणजे लांबी चार मीटरच्या आत, पण इंजिन मर्यादेच्या बाहेर. मारुतीने तिथे कराची सवलत सोडून दिली, कारण त्यांच्याकडे तेच इंजिन तयार होतं.

छोट्या इंजिनाकडून मोठ्या गाडीचं काम करून घ्यायचं, तर त्याला टर्बो लावावा लागतो. इथूनच आपले सगळे प्रश्न सुरू होतात.

आता एक तारीख लक्षात ठेवा: १ एप्रिल २०२०. त्या दिवशी देशभर बीएस-६ लागू झालं. जुन्या बाजारात डिझेल गाडी बघताना ही तारीख रेघेसारखी आहे. रेघेच्या अलीकडची, म्हणजे बीएस-४ डिझेल, ही साधारणपणे डीपीएफ नसलेली गाडी. पलीकडची, बीएस-६ डिझेल, म्हणजे डीपीएफ असलेली.

डीपीएफ म्हणजे काय? सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेली एक जाळी, मधमाशांच्या पोळ्यासारखी, सिरॅमिकची. डिझेल जळताना जी काजळी होते ती या जाळीत अडकते. बाहेर धूर येत नाही, ही चांगली गोष्ट. पण अडकलेली काजळी जाणार कुठे? ती जाळावी लागते. त्यासाठी जाळीचं तापमान साधारण ६०० अंशांच्या आसपास न्यावं लागतं. तुम्ही हायवेवर एका वेगाने गाडी चालवत असाल तर बरंचसं काम आपोआप होतं. ते पुरेसं झालं नाही तर गाडीचा कॉम्प्युटर मुद्दाम थोडं जास्तीचं डिझेल उशिरा सोडतो, एक्झॉस्ट तापवतो आणि काजळी जाळतो. याला रीजनरेशन म्हणतात. पंधरावीस मिनिटं लागतात.

आता माझ्या भावाची फेरी आठवा. तीन किलोमीटर. इंजिन अजून नीट गरमसुद्धा झालेलं नाही. कॉम्प्युटर काजळी जाळायला घेतो आणि हा शाळेच्या दारात चावी काढतो. पुन्हा संध्याकाळी तेच. काजळी साठत जाते. त्यात आणखी एक उपद्रव होतो, त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. जे जास्तीचं डिझेल सोडलं ते पूर्ण न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून खाली, इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं. डिपस्टिक काढून बघा: ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसतं. लोकांना वाटतं, वा, ऑइल खात नाही! अहो, ते डिझेल आहे. पातळ ऑइलवर सगळ्यात आधी बळी जातो तो टर्बोच्या बेअरिंगचा.

म्हणून बीएस-६ डिझेल घेताना विकणाऱ्याला पहिला प्रश्न विचारा, तुम्ही रोज कुठे जायचात? किती किलोमीटर चालली यापेक्षा कशी चालली हे महत्त्वाचं. पुणे-कोल्हापूर करून ८० हजार झालेली डिझेल मी डोळे झाकून नाही, पण आनंदाने घेईन. शहरात चार वर्षांत २५ हजार झालेली डिझेल मला नको. बाजारात भाव मात्र उलटे असतात. कमी रनिंगचीच जास्त महाग.

बरं, मग डिझेल परवडतं कुणाला? फळ्यावर एक हिशोब मांडू. हे भाव मी धरून चालतोय, तुमच्या गावचे घालून बघा. पेट्रोल १०४ रुपये, डिझेल ९१. पेट्रोल गाडीला खऱ्या रस्त्यावर १३चं ॲव्हरेज, डिझेलला १७. वर्षाला ६ हजार किलोमीटर चाललात, तर पेट्रोलचा खर्च ४८ हजार, डिझेलचा ३२ हजार. वाचले १६ हजार. आता डिझेलची सर्व्हिस जरा महाग, डिझेल फिल्टर वेगळा, ऑइल जास्त. त्याचे चार-पाच हजार वजा करा. राहिले ११-१२ हजार. आणि तीच गाडी डिझेलमध्ये घ्यायला तुम्ही समजा लाखभर रुपये जास्त दिलेत. ते वसूल व्हायला आठ-नऊ वर्षं. तोवर एकदा डीपीएफ किंवा इंजेक्टरचं काम निघालं की हिशोब पुसला. बरं, शहरात फिरताना डिझेलही १७ देत नाही, १३-१४ वर येतं; मग बचत आणखी खाली.

आता वर्षाला २० हजार किलोमीटर धरा. पेट्रोल १ लाख ६० हजार, डिझेल १ लाख ७ हजार. वर्षाला ५३ हजार वाचतात. दोन-सव्वादोन वर्षांत लाख वसूल. वर हायवे चालल्यामुळे डीपीएफही खूश. त्यामुळे मी स्वतः रेघ साधारण १५ हजारांवर मारतो, तीही निम्मं रनिंग गावाबाहेरचं असेल तरच. कुणी म्हणेल की विकताना डिझेलचे जास्तीचे पैसे परत मिळतात. काही मिळतात, मान्य. पण दहा वर्षांच्या डिझेलला पुढे कोण विचारेल याची खात्री आज कुणी देऊ शकत नाही, म्हणून मी ते हिशोबात धरत नाही.

आता पेट्रोलकडे येऊ. इथे दोन जाती. साधं पेट्रोल, ज्यात टर्बो नाही, आणि टर्बो पेट्रोल. फरक घाटात कळतो. ब्रेझाचं १.५ लिटरचं साधं पेट्रोल इंजिन १३८ न्यूटन-मीटर ओढ देतं, पण ती पूर्ण ओढ येते ४४०० फेऱ्यांवर. व्हेन्यूचं १ लिटरचं टर्बो इंजिन आकाराने तिसऱ्या हिश्श्याने लहान, पण १७२ न्यूटन-मीटर देतं आणि १५०० फेऱ्यांपासून देतं. म्हणजे पाच माणसं, डिकीत सामान, एसी चालू आणि समोर आंबोली किंवा कुंभार्ली. टर्बोवाला तिसऱ्या गिअरमध्ये बोलत बोलत चढतो, साधं पेट्रोलवाला दुसरा टाकतो आणि इंजिनचा आवाज ऐकत चढतो. चढतात दोघंही. व्हेन्यूमध्येच १.२ लिटरचं ८३ पीएसचं साधं इंजिनही येतं, त्याची ओढ ११५ न्यूटन-मीटरच्या आसपास. एकटादुकटा शहरात फिरणाऱ्याला ते उत्तम. चौघं बसवून घाटात एसी चालू ठेवलात तर ते कुरकुरतं, हे घेण्याआधी माहीत असावं एवढंच.

मग सगळ्यांनी टर्बोच घ्यावा का? नाही. नवी गाडी असती तर कदाचित हो म्हणालो असतो. जुन्या गाडीत आधीच्या मालकाच्या सवयी तुम्ही विकत घेता. टर्बोची चाती मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या मारते आणि ती तरंगते ऑइलच्या पातळ थरावर. ज्याने ऑइल १० हजारांना बदलायच्या ऐवजी १८ हजारांना बदललं, त्याने तुमच्यासाठी काम शिल्लक ठेवलंय. साध्या पेट्रोल इंजिनाला असला निष्काळजीपणा बऱ्यापैकी पचतो. शिवाय व्हेन्यू, सोनेटच्या टर्बोत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडतात. त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत, त्यावर कार्बन साठतो. नेक्सॉनच्या टर्बोत पेट्रोल जुन्या पद्धतीने बाहेरच सोडतात, तिथे हा प्रश्न नाही. पण शहरातलं ॲव्हरेज मात्र मालकाला गप्प करणारं असतं.

आता गाड्यांची नावं घेऊन बोलतो, कारण तुम्ही शेवटी तेच विचारणार आहात.

२०१६ ते २०२० मधली व्हिटारा ब्रेझा फक्त डिझेलमध्ये होती. फियाटचं १.३ मल्टिजेट, ९० पीएस. डीपीएफची कटकट नाही, पार्ट तालुक्याच्या गावी मिळतात, फिटरला डोळे बांधून येतं. सावकाश निघते, २००० फेऱ्यांखाली जीव नाही, पण मजबूत. टायमिंग चेन आहे. ऑइलची हेळसांड झाली असेल तर ती ताणते. सकाळी थंड इंजिन चालू करताना समोरून खुळखुळ ऐकू आली की मागे फिरा. २०२०नंतरची पेट्रोल ब्रेझा ही माझ्या मते निवृत्त माणसाची, कमी रनिंगवाल्याची सगळ्यात बिनडोकेदुखीची गाडी. तिचा २०२२ पर्यंतचा ऑटोमॅटिक चार गिअरचा, जुन्या पद्धतीचा टॉर्क कन्व्हर्टर. मासिकवाल्यांनी त्याला जुनाट म्हणून नावं ठेवली. जुनी गाडी घेणाऱ्याला जुनाट गिअरबॉक्ससारखं सुख नाही.

एक्सयूव्ही ३००चं डिझेल ३०० न्यूटन-मीटर देतं, या वर्गात ही ओढ चकित करते, हायवेवाल्याने बघावं. नेक्सॉन डिझेल २६०. नेक्सॉनला डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले, हेही मनात असू द्या. इंजिन हे सर्वस्व नाही. सोनेटच्या डिझेलला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर मिळतो, लांबच्या प्रवासाला फार सुंदर जोडी. व्हेन्यू-सोनेटच्या टर्बो पेट्रोलचा डीसीटी मात्र कोरड्या क्लचचा आहे. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये इंच इंच सरकत वाढलेली गाडी असेल तर चढावर उभी करून हळूच सोडून बघा. थरथर जाणवली तर क्लचचे पैसे भावातून कापा किंवा गाडी सोडा.

इकोस्पोर्टचं थोडं जास्त सांगतो, कारण ती आता स्वस्त मिळते आणि तरुण मुलं तिच्या प्रेमात पडतात. चालवायला ती आजही गोड आहे. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. तिचं १.५ डिझेल चांगलं आहे. १ लिटरचं इकोबूस्ट टर्बो पेट्रोल मात्र विचार करून घ्या. त्यात टायमिंग बेल्ट इंजिन ऑइलमध्ये भिजत फिरतो. चुकीचं ऑइल, उशिरा बदललेलं ऑइल, यांनी त्या बेल्टचे बारीक कण सुटतात, ते ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतात, आणि इंजिनाला ऑइल मिळेनासं होतं. बेल्ट बदललाय याचं बिल असेल तर बघा. "बदललाय हो, खात्रीने" हे बिल नव्हे.

बघायला जाताना काय करायचं ते पटकन सांगतो. विकणाऱ्याला आधी फोन करून सांगा, गाडी चालू करून ठेवू नका. पोचल्यावर बोनेटला हात लावा. गरम असेल तर तो काहीतरी लपवतोय किंवा फार उत्साही आहे. थंड इंजिन चालू करा आणि मागे उभे राहा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर डिझेलमध्ये इंजेक्टर किंवा ईजीआरकडे बोट दाखवतो. पांढरा, जाणारच नाही असा आणि गोडसर वासाचा असेल तर कूलंट आत शिरतंय. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण सैल करा. खालून जोरात फुंकर येत असेल तर रिंगा झिजल्यात. ओबीडी स्कॅनर चांगल्या गॅरेजवाल्याकडे असतोच, त्याला हजारभर रुपये द्या आणि बरोबर न्या. बीएस-६ डिझेलमध्ये काजळी किती भरली आहे आणि शेवटचं रीजनरेशन किती किलोमीटरपूर्वी झालं, हे बऱ्याच गाड्यांत स्कॅनर सांगतो. माझ्या भावाने हे एक केलं असतं तरी पुरलं असतं.

आणि पूर. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ मध्ये चिपळूण, महाड. त्या पाण्यात उभ्या असलेल्या गाड्या धुऊनपुसून लांबच्या गावांत विकल्या जातात. सीटबेल्ट पूर्ण, अगदी शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला गाळाची रेघ असेल तर ती कुणी धुवत नाही. स्टेपनीच्या खाली बघा, गालिच्याचा कोपरा उचला, वास घ्या. विम्याच्या क्लेमचा इतिहास मागा.

कागदांचं एका दमात: आरसी, बँकेचा बोजा असेल तर एनओसी आणि फॉर्म ३५, ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०, ई-चलन बाकी आहे का ते ऑनलाइन, आणि विमा चौदा दिवसांत तुमच्या नावावर. आधीच्या मालकाचा नो-क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याचा.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न: सर, दिल्ली पासिंगच्या डिझेल गाड्या फार स्वस्त मिळतात. घ्याव्यात का?

स्वस्त असण्याचं कारण तिथला नियम आहे. २०१५ पासून एनजीटीच्या आदेशाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंदी आली, पुढे त्यात कोर्टकचेऱ्या होत राहिल्या. मालक घाबरून आधीच विकतो. गाडी वाईट असेलच असं नाही, पण तिकडून फॉर्म २८ची एनओसी, इथे पुन्हा रोड टॅक्स, आणि महाराष्ट्रात डिझेलचा टॅक्स पेट्रोलपेक्षा दोन टक्क्यांनी जास्त, हे सगळं धरा. वयानुसार टॅक्स कमी होतो, तरी आरटीओकडून आकडा काढून घ्या, मगच टोकन द्या. बऱ्याचदा स्वस्ताई तिथेच संपते.

प्रश्न: माझी २०१९ची पेट्रोल गाडी बघून ठेवली आहे. ई-२० पेट्रोलचं काय?

ई-२० साठी योग्य साहित्याच्या गाड्या एप्रिल २०२३ पासून येऊ लागल्या. २०१९ची त्यात नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश, म्हणजे ई-२० मध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के कमी. तेवढं ॲव्हरेज उतरलं तर इंजिनाला दोष देऊ नका. चिंता रबरी पाइप आणि सीलची. ते तपासून घ्या, लागले तर बदला, आणि पेट्रोल टाकीत महिनोन् महिने पडू देऊ नका, कारण इथेनॉल पाणी ओढून घेतं. याच कारणाने गाडी सोडायची गरज नाही.

प्रश्न: सीएनजी?

कंपनीतून बसवलेला असेल तर जरूर. बाहेरून बसवलेला असेल तर आरसीवर नोंद हवी आणि सिलिंडरची तीन वर्षांनी होणारी चाचणी झालेली हवी. ब्रेझा सीएनजीत डिकी जवळपास जाते. गावी जाताना तांदळाचं पोतं कुठे ठेवणार, ते आधी ठरवा.

प्रश्न: तुमच्या मावसभावाच्या गाडीचं शेवटी काय झालं?

(हशा.) पार्ट बदलावा लागला नाही. दुसऱ्या गॅरेजवाल्याने स्कॅनर लावून उभ्या गाडीत रीजनरेशन करून पाहिलं, दुसऱ्या खेपेला झालं. ऑइल लगेच बदललं, ते अर्धा लिटर जास्त निघालं. मी म्हटलं, विकून टाक. तो म्हणाला, आता हिची सवय झाली. त्यामुळे दर आठ-दहा दिवसांनी तो सकाळी सातला सातारा रस्त्याला लागतो, शिरवळला चहा घेतो आणि परत येतो. वहिनी म्हणते, पेट्रोलची घेतली असती तर मी घरीच चहा पाजला असता.